रिकामी फेरी

खोपोलीजवळच्या इमॅजिकाच्या दाराशी आम्ही चौघी पार्क उघडण्याच्या बऱ्याच आधी जाऊन उभ्या राहिलो. जानेवारीची सकाळ, समोर सह्याद्रीची कड, चहाच्या कपातून निघणारी वाफ. तेवढ्यात आतून एक आवाज आला. आधी बारीक टकटक, ती वर वर चढत गेली, क्षणभर थांबली आणि मग एकदम मोकळा घरघराट. तिघी मैत्रिणी गप्पांत होत्या. मी गप्प झाले आणि ऐकत राहिले. गाडी रिकामी होती. भरलेली रोलर कोस्टर धावते तेव्हा माणसांच्या किंकाळ्या ऐकू येतात. रिकामी धावते तेव्हा फक्त चाकं ऐकू येतात, आणि ती चाकं ठीक आहेत की नाहीत हेही कानाला कळतं. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, मग पुन्हा. मी मनात तीन फेऱ्या मोजल्या आणि म्हणाले, "चला, आपली राइड तयार झाली."

"तुला इथं उभं राहून कसं कळलं गं?" बेळगावच्या मैत्रिणीनं विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर देता देता पुढचा सगळा प्रवास गेला. तरी काही सांगायचं राहिलंच, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही चौघी हुबळीच्या विद्यानगरातल्या बी.व्ही.बी. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. १९४७ साली सुरू झालेलं ते इंजिनिअरिंग कॉलेज २०१५ पासून केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं, पण आमच्या तोंडी अजून बी.व्ही.बी.च आहे. १९९२ साली आम्ही बाहेर पडलो. वर्गात मुली मोजक्या, त्यात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही चार. वर्गात इंग्रजी, कँटीनमध्ये कन्नड, आणि आमच्या बाकावर मराठीत कालवलेलं कन्नड. पुढं एक कोल्हापूरला गेली, एक बेळगावला, एक गदगला. मी बरीच वर्षं महाराष्ट्रात नोकरी केली आणि अप्पांच्या आजारपणात विद्यानगरात परतले. आता कॉलेजच्या फाटकापासून दहा मिनिटांवर राहते आणि पोरांना पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा कंट्रोलर, शिकवते.

त्या नोकरीतली १३ वर्षं एका थीम पार्कात गेली. कोणतं पार्क, ते सांगत नाही. पुढं वाचाल तेव्हा कारण कळेल. राइड मेंटेनन्समध्ये कंट्रोल आणि इलेक्ट्रिकलची बाजू माझ्याकडं होती. त्या १३ वर्षांत मी पाहुणी म्हणून कुठल्याच पार्कात गेले नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना, रविवार हे इतरांच्या सुट्टीचे दिवस म्हणजे आमच्या कामाचे सगळ्यांत मोठे दिवस. मैत्रिणी लग्नाला, बारशाला बोलवायच्या आणि मी नाही म्हणायची. मागच्या दिवाळीनंतर गदगची मैत्रीण फोनवर म्हणाली, "देवळं दाखवायला आपली मुलं आहेत. तू जिथं एवढी वर्षं राबलीस ते आम्हाला एकदा दाखव." त्या एका वाक्यावर ही सहल ठरली. भाड्याची गाडी, चार बायका, वय पंचावन्नच्या आसपास, आणि यादीत चार ठिकाणं: कोल्हापूरजवळचं कणेरी, खोपोली, बंगळूरजवळचं बिडदी आणि परतताना शिग्गावजवळचं गोटगोडी.

नकाशा उघडला तेव्हा गंमत वाटली. पुण्याहून बंगळूरला जाणारा, पूर्वी चार नंबरचा आणि आता ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग हुबळीवरूनच जातो. आमची बहुतेक ठिकाणं त्याच रस्त्याच्या आसपास सापडली.

पण मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर त्या रस्त्यावर सुरू होत नाही. ते रेल्वेवर सुरू होतं.

अप्पा रेल्वेत होते. हुबळी-लोंढा मार्गावरच्या छोट्या स्टेशनांवर ते स्टेशन मास्तर होते आणि आमचं घर हुबळीत होतं. हुबळीत मराठी घरं आली ती व्यापारानं, शिक्षणानं आणि बरीचशी रेल्वेनं. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून इथं वर्कशॉप आहे, आणि २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचं मुख्यालयही इथंच आहे. आज लोक हुबळी स्टेशनवर उतरून १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म बघतात, जगातला सगळ्यांत लांब म्हणून त्याचा फोटो काढतात. माझ्या लहानपणी बघण्यासारखी गोष्ट वेगळी होती. तो होता गोळा.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. हे नुसत्या सांगण्यावर सोडलेलं नव्हतं. दोन्ही स्टेशनांत तारेनं जोडलेली दोन यंत्रं असत आणि त्यांच्या पोटात लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तरनं संमती दिल्याशिवाय इकडचा गोळा बाहेर येत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. ज्याच्याकडं गोळा, त्यानंच पुढं जायचं. धावत्या इंजिनातून वाकून ते कडं उचलणारा माणूस मी पाहिला आहे. अप्पा म्हणत, "ड्रायव्हर माझ्यावर विश्वास ठेवत नाही आणि मी त्याच्यावर ठेवत नाही. आम्ही दोघंही गोळ्यावर विश्वास ठेवतो." तेव्हा मला ते रुक्ष वाटायचं.

शिवरात्रीला सिद्धारूढ मठाची जत्रा भरे. रथ ओढला की आम्हा पोरांना घाई असायची ती रहाटपाळण्याची. चार पाळण्यांचा लाकडी पाळणा, हातानं ढकलायचा. अप्पा मला लगेच बसू देत नसत. पाळणेवाला आधी काय करतो ते बघ म्हणायचे. तो संध्याकाळी पाळणा सुरू करायच्या आधी रिकामाच चार-पाच वेळा फिरवायचा, आसाला कान लावायचा, दोरखंड ओढून बघायचा. मग पहिलं पोर बसवायचा. अप्पांना तो माणूस आवडायचा. जो रिकामा न फिरवता पोरं चढवतो त्याच्याकडं नाही बसायचं, एवढाच त्यांचा नियम होता.

पार्कातली माझी सकाळ पाचला सुरू व्हायची. पाहुण्यांच्या दृष्टीनं पार्क दहाला उघडतं. आमच्या दृष्टीनं तोवर निम्मा दिवस झालेला असतो. मेकॅनिकलची माणसं दव पडलेल्या रुळांवर चढायची. रोलर कोस्टरच्या डब्याला तीन बाजूंनी चाकं असतात: वजन पेलणारी वरून, डबा वळणावर धरणारी बाजूनं आणि डबा रुळावरून उचलला जाऊ नये म्हणून खालून. ही खालची चाकं पहिल्यांदा १९१९ च्या सुमारास अमेरिकेत आली, आणि त्यांच्यामुळंच आजच्या उलट्यापालट्या राइड शक्य झाल्या. चाकांवरचं पॉलियुरेथेन झिजतं, तडकतं, उन्हानं मऊ होतं. ते हातानं चाचपून बघायचं. नटबोल्टांवर रंगाची एक रेघ मारलेली असते. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला. चढावर साखळी डबा ओढते तेव्हा जी टकटक ऐकू येते ती डबा मागं घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्यांची. लोकांना त्या आवाजानं धडधडतं. मला तो आवाज अंगाईसारखा वाटतो, कारण प्रत्येक टक् म्हणजे डबा आता एवढ्याहून मागं येणार नाही अशी हमी.

माझं काम पॅनेलचं. रुळावर ठिकठिकाणी सेन्सर असतात. डबा त्यांच्यावरून गेला की ते कंट्रोलरला सांगतात. सगळा मार्ग चार-पाच भागांत वाटलेला असतो. त्या भागांना ब्लॉक म्हणतात आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा असल्याचं सेन्सरनं सांगितल्याशिवाय मागच्या ब्लॉकचा ब्रेक सुटत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी फळ्यावर हे काढून दाखवलं तेव्हा मला हसूच आलं. अप्पांचाच गोळा होता तो, फक्त लोखंडाऐवजी विजेचा. पुढं वाचनात आलं की १९५९ साली डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न नावाची राइड आली, तिथं पोलादी नळीच्या रुळावर एकाच वेळी एकाहून जास्त डबे सुरक्षित सोडायची सोय केली होती. रेल्वेनं शंभर वर्षांत शिकलेलं शहाणपण करमणुकीनं असं उचललं.

ब्रेकचंही तसंच. बऱ्याच राइडांवर हवेच्या दाबानं ब्रेक उघडा धरून ठेवतात. नळी फुटली, वीज गेली, हवा गेली, तर ब्रेक लागतो. बऱ्याच नव्या राइडांवर कायमचे चुंबकही असतात. डब्याखालची धातूची पट्टी त्यांच्या मधून गेली की वेग आपोआप उतरतो, त्याला वीज लागतच नाही. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबावी अशीच सगळी रचना. हे सांगायचं कारण, राइड चढावर मध्येच थांबली की खालची माणसं मोबाईल काढतात आणि बातमी होते. कित्येकदा ती थांबते कारण तिला थांबायचंच असतं. एखाद्या सेन्सरला शंका आली आणि यंत्रानं शंकेचा फायदा माणसाला दिला.

आणि एक कुलूप. रुळावर किंवा यंत्राच्या पोटात काम करायला उतरणारा प्रत्येक माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो. पाच माणसं आत असतील तर पाच कुलुपं. सगळी निघाल्याशिवाय वीज येत नाही. दुसऱ्याची किल्ली मागायची नाही, आपली द्यायची नाही. नव्या पोरांना मी हे शिकवायची तेव्हा गोळ्याची गोष्ट सांगायची.

हे सगळं कळत असूनही माझ्या हातून एकदा ते घडलं.

दिवाळीतला दिवस. नोकरीला दोन वर्षं झालेली. मोठ्या कोस्टरवर दोन गाड्या धावत होत्या आणि रांग दोन तासांची. दुपारी एक सेन्सर अधूनमधून खोटं बोलू लागला. ब्लॉक मोकळा असताना तो भरलेला आहे असं सांगायचा. कंट्रोलर गाडी सोडेना. आम्ही तपासलं, पुसलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. रांगेतून ओरडा सुरू झाला. वरिष्ठ आले आणि म्हणाले, जंपर लाव, माणूस उभा करून डोळ्यानं बघू, संध्याकाळी नीट करू. मी बोटभर लांबीची वायर घेतली आणि सेन्सरच्या जागी जोडून दिली. कंट्रोलरला आता तो ब्लॉक कायम मोकळाच दिसणार होता. ब्लॉकपाशी एक पोरगा वॉकीटॉकी घेऊन उभा केला. दोन तास गाड्या धावल्या. काही झालं नाही. रांग संपली, लोक हसत घरी गेले, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

रात्री एसटीडी बूथवरून हुबळीला फोन लावला. दिवस कसा गेला ते सांगताना हेही सांगितलं, थोड्या अभिमानानंच, की आज मी राइड चालू ठेवली. अप्पा ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे गोळ्याशिवाय गाडी सोडलीस?"

मी म्हणाले, पण अप्पा, काही झालं नाही. ते म्हणाले, "ते तुझ्यामुळं नाही." आणि आईला फोन दिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वायर काढली, सेन्सर बदलला आणि लॉगबुकात आदल्या दिवशीचं सगळं माझ्या सहीनं लिहिलं, कितीपासून कितीपर्यंत ते धरून. वरिष्ठ रागावले. पण नंतर आलेले साहेब ऐकणारे होते. त्यांनी ते पान वाचलं, मला बोलावलं आणि महिन्याभरात लेखी नियम काढला: सेन्सरला वळसा घालायचा तर राइड पाहुण्यांसाठी बंद. अपवाद नाही.

चार वर्षांनी मे महिन्यातल्या एका रविवारी पुन्हा तसाच प्रसंग आला. वेगळी राइड, वेगळा सेन्सर, तीच लक्षणं. या वेळी मी राइड बंद केली. चार तास ती बंद होती. रांगेच्या तोंडाशी जो ऑपरेटर उभा होता तो वीस-बावीस वर्षांचा आसपासच्या गावातलाच पोरगा होता. लोकांनी त्याला आईवरून शिव्या दिल्या, एकानं पाण्याची बाटली मारली. तो जागचा हलला नाही. आम्ही वर जाऊन बघितलं तर सेन्सर धडधाकट होता. ज्या लोखंडी पट्टीवर तो बसवला होता तिला चीर गेली होती आणि ती थरथरत होती. आणखी काही फेऱ्यांत ती तुटून रुळावर पडली असती. मी खाली येऊन त्या पोराला ती पट्टी दाखवली. त्यानं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, हे रांगेतल्या लोकांना दाखवायला पाहिजे होतं." मला आजही वाटतं, दाखवायला पाहिजे होतं.

मैत्रिणींना हे मी खोपोलीहून परतताना रस्त्यात सांगितलं. त्याआधी खोपोलीला जाताना कणेरीला सिद्धगिरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम बघून झालं होतं. बारा बलुतेदार, शेतातली कामं, घराच्या ओसरीवरची माणसं, सगळे पुतळे माणसाएवढे. ऊन चढलेलं असल्यानं तिथं आम्ही फार रमलो नाही. कोल्हापूरच्या मैत्रिणीनं ते इतक्या वेळा पाहुण्यांना दाखवलंय की ती सावलीत बसून राहिली.

खोपोलीला मात्र ती सगळ्यांत पुढं. इमॅजिकाची नायट्रो ही स्विस कंपनीनं बनवलेली कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, पाच वेळा उलटी होणारी, आणि निघताना पायाखालची जमीनच बाजूला सरकते, मग पाय हवेत लोंबत राहतात. ती रांगेत माझा हात घट्ट धरून होती. मी तिला म्हणाले, रुळाकडं बघू नकोस, ऑपरेटरांकडं बघ. प्रत्येक खुर्चीचा आडणा ते आधी हातानं ओढून बघत होते, मग पट्टा, मग पुढची खुर्ची. शेवटच्या खुर्चीशी पोचल्यावर हात वर करून अंगठा. दुसऱ्या बाजूनंही अंगठा. मगच गाडी हलली. तिनं माझा हात सोडला आणि पहिल्या उतारावर जी किंकाळी फोडली ती बी.व्ही.बी.च्या गॅदरिंगनंतर मी पहिल्यांदाच ऐकली. मी किंचाळले नाही. मी चढाची टकटक ऐकली, ब्रेक कुठं लागतो ते बघितलं, आणि शेवटच्या वळणावर माझ्या लक्षात आलं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय. वाऱ्यानं असेल. १३ वर्षं मी या गाड्या रिकाम्या पाठवल्या होत्या आणि भरलेल्या परत घेतल्या होत्या. चालू दिवसात, पाहुण्यांच्या मध्ये बसून, पहिल्यांदाच फिरत होते.

गदगची मैत्रीण त्या राइडला आली नाही. तिला मानेचा त्रास आहे. दारावरची पाटी तिनं शांतपणे वाचली, हृदयविकार, पाठ आणि मानेचे आजार, गरोदरपण, आणि म्हणाली, "मी पर्सा धरते." तिनं बाकावर बसून आमच्या चार पिशव्या सांभाळल्या आणि तिथं झाडू मारणाऱ्या बाईशी एवढ्या गप्पा मारल्या की संध्याकाळी तिला पार्काची आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. नंतर राजासॉरसच्या नावेत ती आमच्यासोबत बसली. हे नाव कुणी गंमत म्हणून ठेवलेलं नाही. राजासॉरस हा खरा डायनोसॉर. त्याचे अवशेष गुजरातेत, नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. भिजून बाहेर पडल्यावर ही माहिती तिनंच आम्हाला दिली, म्हणजे झाडूवाल्या बाईनं तिला दिलेली.

परतीच्या रस्त्यावर एस्सेलवर्ल्ड आठवलं. १९९१ साली कॉलेजची सहल मुंबईला गेली होती तेव्हा गोराईच्या खाडीतून बोटीनं आम्ही तिथं गेलो होतो. दोन वर्षांपूर्वीच, १९८९ मध्ये, ते उघडलं होतं. आम्हाला हुबळीच्या जत्रेपलीकडं काही माहीत नव्हतं. बोट लागली आणि समोर तो पसारा दिसला तेव्हा चौघींनी एकमेकींचे दंड धरले होते. त्याच्याही आधी दिल्लीत १९८४ ला अप्पू घर झालं होतं, १९८२ च्या एशियाडच्या हत्तीच्या नावाचं. ते २००८ ला बंद झालं. एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये बंद पडलं. पार्क बंद झालं की बातमी त्याच्या जमिनीबद्दल येते. तिथं रोज पहाटे रुळांवर चढणारी माणसं कुठं गेली, याची बातमी कधी वाचल्याचं आठवत नाही. त्यांच्या हातातलं कौशल्य दुसऱ्या कारखान्यात सहज खपत नाही. कोस्टरचं चाक ऐकायला शिकलेल्या कानाला बाहेर फारशी किंमत नाही. मला याचं दुःख आहे.

हुबळीत एक दिवस घरी विश्रांती घेऊन आम्ही बिडदीला निघालो. बंगळूरच्या पुढं, म्हैसूर रस्त्यावरचं वंडरला २००५ साली सुरू झालं. त्याआधी २००० साली याच मंडळींनी कोचीला पार्क काढलं होतं, आणि त्यांचा मूळ धंदा व्होल्टेज स्टॅबिलायझरचा. व्ही-गार्डची ती पेटी दक्षिणेतल्या कुठल्या घरात नाही! वीज कमीजास्त झाली तरी पलीकडचं यंत्र शाबूत राहिलं पाहिजे हा ज्यांचा धंदा, ते पार्क काढतात तेव्हा त्यांचे पॅनेल बघावेसे वाटतात. पण मी पाहुणी होते. पाहुण्यांना ते दार बंद असतं, आणि असलंच पाहिजे.

आम्ही एका उलटसुलट धावणाऱ्या कोस्टरच्या रांगेत होतो. दाराशी उंची मोजायचा खांब, आणि खांबापाशी एक ऑपरेटर मुलगी, वय फार तर तेवीस. आमच्या पुढं एक मराठी कुटुंब होतं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा खांबाला टेकून उभा राहिला. रेघेपेक्षा दोन बोटं कमी भरला. मुलीनं हात आडवा धरला.

"आगल्ल सर," ती म्हणाली. म्हणजे, जमणार नाही. आमच्या हुबळीत "आगंगिल्लरी" म्हणतात, तेवढाच फरक.

वडिलांनी आधी हसून घेतलं. दोन बोटांनी काय होतं? पोरगा घाबरट नाही. तो शाळेत पहिला येतो पळण्यात. आम्ही एवढ्या लांबून आलोय, तिकिटाचे पैसे दिलेत. मग आवाज चढला. मॅनेजरला बोलवा. तुझं नाव काय? मुलगी प्रत्येक वेळी तेच म्हणत होती, आगल्ल सर, आणि तिचा आडवा हात तसाच होता. तो हात थोडा थरथरत होता. तो मला माझ्या रविवारच्या पोराचा हात वाटला.

मी पुढं झाले. मराठीत म्हणाले, दादा, मी या कामात १३ वर्षं होते, दोन मिनिटं ऐका. ती रेघ धाडसाची नाही, वयाचीही नाही. खुर्चीतला आडणा मांडीवर आणि खांद्यावर कुठं बसतो त्यावरून ती काढलेली असते. उंची कमी असेल तर आडणा बंद होतो, खट् असा आवाजही येतो, पण आतल्या अंगाला जागा उरते. उलटं झाल्यावर, किंवा जोराच्या ब्रेकला, त्या जागेतून पोर सरकतं. दोन बोटं म्हणजे तेवढीच जागा. मी बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालून आणलेली पोरं पाहिली आहेत, आईबापांनीच घातलेले. तुमच्या मुलाचे बूट साधे आहेत, तुम्ही सरळ माणूस आहात. पुढच्या वर्षी तो बसेल.

त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. ते काहीतरी पुटपुटले, मुलाचा हात धरला आणि निघून गेले. मुलगा मात्र जाताना मान वळवून त्या खांबाकडं बघत होता, रेघ कुठं आहे ते नीट बघत असल्यासारखा.

ऑपरेटर मुलगी म्हणाली, "थँक्स आंटी." आणि पुढच्या माणसाकडं वळली. बोलायला तिला वेळ नव्हता. रांग मोठी होती.

रात्री हॉटेलात मैत्रिणी त्याच मुलीबद्दल बोलत होत्या. बेळगावची म्हणाली, एवढ्या पगारात ती का ऐकून घेते? मी तिला १७ जुलै १९५५ ची गोष्ट सांगितली. डिस्नेलँड उघडायला आलं आणि नळकाम करणाऱ्यांचा संप झाला. वेळ इतका थोडा होता की प्यायच्या पाण्याचे नळ किंवा संडास, दोन्हींतलं एकच पुरं होणार होतं. वॉल्ट डिस्नेनं संडास निवडले. उन्हाळ्याचा दिवस, लोक तहानेनं चिडले, सरबतं खपवायला मुद्दाम केलं म्हणाले. पण निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. लोकांना त्या दिवशी काय हवंय आणि त्यांच्यासाठी काय बरं आहे, यांत फरक पडतो तेव्हा कुणाला तरी बोलणी खावी लागतात. डिस्नेकडं ती झेलायला पैसा आणि नाव होतं. बिडदीच्या त्या मुलीकडं फक्त एक आडवा हात होता.

परतताना गोटगोडीला थांबलो. हुबळीपासून तासाभराच्या आत, महामार्गालगत, सोलबक्कनवर या चित्रकाराच्या कल्पनेतून उभं राहिलेलं उत्सव रॉक गार्डन. उत्तर कर्नाटकातलं गाव तिथं सिमेंटमध्ये उभं आहे: मळणी, बैलगाड्या, धान्य पाखडणाऱ्या बाया, कट्ट्यावर बसलेले म्हातारे. दोड्डाट या लोकनाट्यासाठीही त्यांनी पुष्कळ काम केलं, त्यामुळं पुतळ्यांच्या उभं राहण्यातही नाटकातली लकब आहे. तिथं काहीच हलत नाही. गदगची मैत्रीण या सगळ्या सहलीत सर्वांत खूश तिथं होती. तिला आजीचं घर आठवलं. मी एका सावलीत बसले आणि कितीतरी वर्षांनी एखाद्या पार्कात कुठल्याच आवाजाकडं कान न देता तासभर बसून राहिले.

आता उन्हाळ्याची सुट्टी येईल. तुम्हीही पोरं घेऊन कुठल्या ना कुठल्या पार्कात जाल, किंवा गावच्या जत्रेत पाळण्यापाशी उभे राहाल. जरूर जा, पोरांना भरपूर बसवा, स्वतःही बसा. एवढंच करा: खांबापाशी उभं असलेलं पोर किंवा पोरगी तुमच्या मुलाला नाही म्हणाली, तर तिचं नाव विचारू नका, मॅनेजरला बोलवू नका. राइड चालू रांगेत बंद पडली तर दाराशी उभ्या माणसाला शिव्या देऊ नका. तुमच्यासाठी त्यानं गोळा हातातून सोडलेला नाही. त्याला थँक्यू म्हणा, मुलाला काय ते समजावून सांगा आणि दुसऱ्या राइडकडं चालायला लागा.